आडवा हात

राजूरच्या बाजाराला निघालेल्या जीपमध्ये एक मावशी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर पाटी, आणि पाटीत भाताच्या तुसात खोचलेली गावठी अंडी. गाडी सुटल्यापासून ती मला कोपराने ढोसत होती.

"सरक की गं जरा. तुझ्या एकटीची हाय व्हय गाडी?"

मीही चिडून तोंड फिरवलं.

घाटातल्या वळणावर बैल आडवा आला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मी समोरच्या दांड्यावर आपटणार, तेवढ्यात तिचा हात फळीसारखा माझ्या छातीवर आडवा आला. पाटी मात्र तिच्या मांडीवरून खाली गेली. आमच्या पायांशी बलक पसरला.

तिने आधी ड्रायव्हरचा उद्धार केला, मग मला विचारलं, "लागलं न्हाई ना?"

"अहो मावशी, अंडी नाही का धरायची?"

"हात काय इचारून जातो व्हय?" असं म्हणून ती वाकली आणि शाबूत राहिलेली अंडी वेचू लागली.

मीही मदतीला वाकले, तेव्हा कळलं की माझे हात मोकळे नाहीत. दोन्ही हातांनी मी माझा मोबाईल पोटाशी गच्च धरला होता. ते हातही मला विचारून गेले नव्हते.