चक्रीवरून उतरवलेली जोडी

चक्री थांबली तेव्हा झुलीची वीतभर किनार फटीत गेली होती. त्याच झुलीची दोरी एका म्हाताऱ्याने मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. आणखी अर्धी फेरी झाली असती तर दोरीबरोबर त्याचा हातही खाली गेला असता. हे मी वाढवून सांगत नाही. फिरणाऱ्या लोखंडाबद्दल गमतीतसुद्धा वाढवून बोलायची मला सवय नाही.

झूल म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ते आरसे-गोंड्यांचं रंगीत कापड. ही झूल खरी होती, जुनी होती. बैल मात्र फायबरचा होता आणि त्याच्या पाठीवर त्या म्हाताऱ्याची सात वर्षांची नात पट्टा बांधून बसली होती.

अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या रस्त्यावर तेव्हा एक प्राण्यांचं पार्क होतं. जिवंत प्राणी एकही नाही. हत्तीच्या सोंडेतून घसरगुंडी, मगरीच्या जबड्यातून निघणारी छोटी रेल्वे, आणि मधोमध बारा प्राण्यांची चक्री. मी तिथे मेन्टेनन्स बघायचो. नाव रशीद, पण सगळे मिस्त्रीच म्हणत. त्याआधी अकोल्याला तेलाच्या मिलमध्ये फिटर होतो. ती मिल बंद पडली. त्या वर्षांत वऱ्हाडात बंद पडणाऱ्या गोष्टींचा काही तोटा नव्हता, आणि लोक पोराबाळांना घेऊन सहलीला तेव्हाही येत होते. उलट जास्तच येत होते. का, ते मला विचारू नका.

तो दिवस तान्ह्या पोळ्याचा. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. लाकडाचे, मातीचे बैल सजवून पोरं मिरवतात, मोठी माणसं त्यांची पूजाही करतात. शाळांना सुट्टी असते. आमचे मॅनेजर गावंडे साहेब यांनी ही संधी सोडली नाही. सगळीकडे आंब्याच्या पानांची तोरणं, प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात झेंडूची माळ. सिंहालासुद्धा.

त्यामुळेच घोटाळा झाला. चक्रीवर ऑपरेटर प्रमिला होती. म्हाताऱ्याने पिशवीतून झूल काढून बैलावर घातली तेव्हा तिला वाटलं, हेही साहेबांचंच डेकोरेशन. लहान पोरांबरोबर मोठ्या माणसाला उभं राहायची परवानगी होतीच. तिने चक्री सुरू केली. पण नजर ठेवून होती, झूल ओढली जाताना दिसताच तिने लाल बटण दाबलं. त्या बाईचे उपकार मी आजही मानतो.

दोष माझाही होता. चक्रीची फिरणारी फळी आणि बाहेरची स्थिर कड यांच्यात दोन बोटांची फट असते. ती रबरी पट्टीने झाकतात. एका जागी ती पट्टी झिजली होती. मी नवीन मागवली होती, ती आली नव्हती. तोपर्यंत काहीतरी ठोकून फट बुजवायला पाहिजे होती. नाही बुजवली.

पहिलं काम, म्हाताऱ्याचा हात सोडवला. दुसरं, सगळ्यांना खाली उतरवलं. तिसरं, मेन स्विच बंद करून फ्यूज काढले आणि स्वतःच्या खिशात टाकले. मशीनखाली हात घालायचा तर फ्यूज आपल्याच खिशात पाहिजेत. दुसऱ्याच्या शब्दावर हात घालू नये. मिलमध्ये पट्ट्यात दुपट्टा अडकून एका माणसाचा हात कोपरापासून गेलेला मी पाहिला आहे. तेव्हापासून मशीनजवळ सैल कापड दिसलं की माझं डोकं फिरतं. तसं तेव्हाही फिरलं.

"बाबाजी, अक्कल हाय का तुमाले? पोरगी बसली हाय त्याच्यावर!"

मी खिशातून कटर काढला तसा म्हाताऱ्याने माझा हात धरला.

"कापू नको. माह्या जोडीची हाय."

कापली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण त्याने हात असा धरला होता की मी कटर परत खिशात ठेवला. मोटरच्या मागे एक हातचाक असतं. लाईट गेली तर ब्रेक सोडून त्या चाकाने चक्री हाताने फिरवता येते, पुढेही आणि मागेही. मी खाली बसून ती इंच इंच उलटी फिरवली आणि प्रमिलाने वरून कापड ओढलं. झूल निघाली. दोन आरसे फुटले होते आणि किनारीला ग्रीस लागलं होतं.

तेवढ्यात म्हाताऱ्याची सून माझ्याजवळ आली. पदराचं टोक हातात घट्ट धरलेलं. हळूच म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, मामाजीले जास्त बोलू नका. काल सकायपासून जेवले नाई ते. पान्यावर हायेत."

"काहून?"

तिने सांगितलं ते असं. किसनाजी, म्हणजे तिचे सासरे, अकोल्याजवळच्या एका गावचे माळी. वांगी, मेथी, झेंडू पिकवायचे. दोन उन्हाळे विहिरीला पाणी राहिलं नाही, चाऱ्याचे हाल झाले, तेव्हा बैलांची जोडी बाजारात विकली आणि अकोल्याच्या जुन्या शहरात मुलाकडे राहायला आले. मुलगा तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला. काल पोळा. पोळ्याला बैल नैवेद्य खाईपर्यंत घरधनी जेवत नाही, ही आमच्याकडची रीत. बैलच नाही तर तो जेवणार कसा आणि हे जेवणार कसे? मुलाने शेजारच्या गावातल्या ओळखीच्याकडे चला म्हटलं. म्हातारा म्हणाला, दुसऱ्याचा बैल दुसऱ्याच्या घरचं जेवते. नातीचा मातीचा बैल पुढे ठेवला. म्हातारा म्हणाला, याले खांदेच नाईत, तूप कुठं लावू? मग नातीनेच सांगितलं, आपण उद्या जाणार त्या पार्कात मोठ्ठे बैल आहेत. म्हाताऱ्याने रात्रीच ट्रंक उघडून झूल काढली. घरच्यांना वाटलं, नातीच्या हौसेसाठी येत आहेत.

मी म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. उभं राहताना तो बैलाच्या शिंगाला धरत होता. आणि मी त्याला अक्कल विचारली होती. मला लाज वाटली.

"बाबाजी, हा बैल फायबरचा हाय," मी म्हणालो.

"आज तान्हा पोळा हाय न? लाकडाचा चालते, मातीचा चालते, मंग हा काहून नाई चालत?"



एवढ्यात गावंडे साहेब आले. "मिस्त्री, लाइन गेटपर्यंत गेली. कापड निघालं ना? चालू करा."

"साहेब, यांना पूजा करायची आहे."

"करू द्या की. पाच मिनिटं द्या, मग चालू करा."

"पूजा म्हणजे पाय धुवायचे, खांद्याला तूप-हळद लावायची. पाणी आणि तूप त्या फळीवर. त्याच्यावर पोरं चढणार. आणि मागं बघा."

मागे रांगेत दोन बायांनी आरतीचं ताट काढलं होतं. एकाने पिशवीतून गोंडे बाहेर काढले होते. एकट्या किसनाजींचीच ही कल्पना नव्हती. त्या वर्षी बैल विकलेली घरं खूप होती.

"मग नाही म्हणून सांगा सगळ्यांना," साहेब म्हणाले.

"माझं म्हणणं असं की बैल खाली उतरवतो. झाडाखाली ठेवतो. काय पूजा करायची ती तिथे करा. चक्री त्याच्याशिवाय चालवू."

"राइडचे पार्ट काढणार? आज? चालत्या दिवशी? मिस्त्री, उद्या मालकांनी विचारलं तर?"

"तर मग लॉगबुकमध्ये लिहून द्या, की तुपाचा हात लागलेल्या फळीवर चक्री चालवा. सही करा. मी आत्ता फ्यूज लावतो."

लॉगबुक म्हणजे रोजची वही. राइड कधी चालू झाली, का थांबली, कोणी तपासली, सगळं त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. मी ती त्यांच्यापुढे धरली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वहीकडे पाहिलं, लाइनकडे पाहिलं, आणि विचारलं, "किती वेळ लागेल?"

"एकाला पंधरा मिनिटं. पण दोन काढावे लागतील."

"दोन कशाला?"

इथे थोडं कामाचं सांगतो. चक्रीवर प्राणी कुठे बसवायचे हे कोणाच्या आवडीवर नसतं. समोरासमोर सारखं वजन लागतं. एका बाजूचं ओझं काढलं तर चक्री फिरते, पण कलून फिरते आणि मधली बेअरिंग एका अंगाने झिजते. पोरं रोज बदलतात, त्यांचं वजन थोडंफार चालून जातं. सत्तर किलोचा बैल कायमचा एकीकडे कमी, हे चालत नाही. म्हणून बनवणाऱ्याने एकाच साच्यातले दोन बैल काढून बरोबर समोरासमोर बसवले होते. एक काढला की दुसरा काढलाच पाहिजे.

साहेबांना मी हे सांगत होतो, पण ऐकलं म्हाताऱ्याने.

"म्हंजे जोडी हाय?" त्याने विचारलं.

"हो."

तो शिंग सोडून सरळ उभा राहिला.

प्रत्येक बैल खाली चार बोल्टांनी कसलेला होता. बोल्ट मी सोडवले. उचलायला माणसं बोलवावी लागली नाहीत. रांगेतले सहा-सात जण आपणहून आले, चपला काढून. कडुनिंबाखाली दोन्ही बैल शेजारी ठेवले. किसनाजींनी पाहिलं आणि मान हलवली.

"बदला. हा डावीकडं पाह्यजे."

मी म्हणालो, "बाबाजी, एकाच साच्यातले हायेत. दोघांत काडीचा फरक नाई."

"मले मालूम हाय. पन एक डावा लागते, एक उजवा लागते. जोडी अशी उभी नाई राह्यत."

पुन्हा उचलले, जागा बदलली. उचलणाऱ्यांपैकी एकानेही कुरकूर केली नाही. एकटा मीच मनातल्या मनात करत होतो, कारण माझी कंबर दुखते.

मी चक्रीकडे वळलो. मोकळ्या जागी दोरी बांधली, फटीवर पत्र्याचा तुकडा ठोकला, फ्यूज लावले आणि रिकामी चक्री पाच फेऱ्या चालवली. याला ट्रायल रन म्हणतात. आवाज नाही, कल नाही. प्रमिलाला हात केला. दहा प्राण्यांवर पोरं बसली आणि रांग हलू लागली. साहेबांचा चेहरा जरा माणसात आला.

झाडाखाली परत आलो तर तिथे सगळं थांबलेलं. पाय धुऊन झाले होते, खांद्यांना तूप-हळद लागली होती, ग्रीस लागलेली झूल पाठीवर होती. पुरणपोळी हातात घेऊन किसनाजी डाव्या बैलाच्या तोंडाशी उभे होते. फायबरचं तोंड ते, बंद. सून रडायला आली होती. मुलगा दोनदा म्हणाला, "झालं बाबा, दाखवला न नैवेद्य." म्हातारा ढिम्म हलला नाही.

शेवटी म्हणाला, "जेवत नाई हा."

एवढा सगळा खटाटोप करून आम्ही आलो होतो तिथेच. मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली, की हा माणूस इथेच कोसळतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, याचं सारं कोन करते? धुनं-पुसनं?"

"मीच करतो."

"रोज?"

"रोज सकाळी. धुतो, पुसतो, खाली ग्रीस देतो, बोल्ट पाह्यतो."

"म्हंजे याचा गडी तू."

आमच्या घरी अब्बांच्या वेळेस बैल होते. तेही पोळ्याला तोरणाखाली जात, आणि बैलाबरोबर बैल राखणाऱ्या गड्याचाही मान असे. त्याला पहिल्या पंगतीला बसवत. म्हणून म्हातारा कुठे चालला हे मला बाकीच्यांच्या आधी कळलं.

"हात धू आन बस," तो म्हणाला. "बैलाच्या वाटचं तू जेव. दोघायच्या वाटचं."

मी बसलो. त्याने दोन पोळ्या वाढल्या, वर तूप सोडलं, आणि समोर उकिडवा बसून मी घास तोंडात घालतो का ते पाहत राहिला. पहिली पोळी संपली, दुसरी संपली. इतकं लक्ष देऊन मला कोणी कधी जेवू घातलं नव्हतं. शेवटचा घास गेला तसं त्याने सुनेकडे हात केला आणि म्हणाला, "आन व माय, मले वाढ आता."

तो चार पोळ्या जेवला. सून डोळे पुसत वाढत होती.

संध्याकाळपर्यंत कडुनिंबाखाली पंधरा-वीस कुटुंबांनी पूजा केली, आणि बैलाच्या वाटचं आम्हा चक्रीवाल्यांनाच वाढलं. शेवटच्या बसच्या वेळी किसनाजी झूल घडी करून पिशवीत घालून गेले, जाताना बैलांच्या पाठीवर थाप मारून. दुसऱ्या दिवशी रबरी पट्टी आली, बैल पुन्हा बोल्टावर कसले. पुढच्या वर्षी गावंडे साहेबांनी तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीच सांगितलं, "मिस्त्री, जोडी खाली घ्या." जाहिरातीतही त्यांनी ते छापलं, माणूस शेवटी मॅनेजर होता.

मी तिथे पुढे सात वर्षं होतो. नवीन ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायचो. लाल बटण आधी दाबायचं, काय झालं ते मागून विचारायचं. आणि तान्ह्या पोळ्याला ड्युटी असली तर घरून डबा आणायचा नाही.