मोकाशींचं इन्स्पेक्शन

हरीश मोकाशी आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी दुसऱ्या. मयूर विहारमधल्या या सोसायटीत मराठी घरं मोजकीच, त्यामुळे आमची मैत्री आवडीने झाली की नाइलाजाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माणूस भला आहे. पण भल्या माणसांचा एक त्रास असतो, त्यांच्यावर धड रागावता येत नाही. गेलं वर्षभर मला मोकाशींवर रागवायचं आहे आणि ते जमत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मोकाशी मूळचे मिरजेचे. रेल्वेत मालाच्या खात्यात लागले, बदली होऊन दिल्लीला आले आणि इथलेच झाले. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी यमुनेच्या पूर्व काठावरच्या एका जुन्या माल यार्डात काढली. त्याला सगळे गोदी म्हणत. फार पूर्वी तिथे होड्यांमधून माल उतरायचा, मग रूळ आले, विटांची लांबलचक गोदामं उभी राहिली, नाव मात्र गोदीच राहिलं. मुंबईचे पाहुणे हसायचे. "दिल्लीला समुद्र कधी आला हो?" मग मोकाशी त्यांना रविवारी पकडून तिथे न्यायचे आणि उन्हात उभं करून मोठ्या गोदामाच्या कमानी दाखवायचे. त्यानंतर पाहुणे हसत नसत, पण पुन्हा येतही नसत.

पुढे मालगाड्या दुसरीकडे वळल्या आणि यार्ड बंद पडलं. रुळांत बाभळी उगवल्या, छपरावरचे पत्रे एकेक करून चोरीला गेले. मोकाशी निवृत्त झाले, तरी सकाळचं फिरणं तिकडेच. कुमुदवहिनी म्हणत, "बायकांना माहेर असतं, यांना गोदी आहे."

या माहेरी त्यांची वाट पाहणारा माणूस म्हणजे रामसूरत. पूर्वेकडच्या बलिया जिल्ह्यातला, पोती वाहणाऱ्या पल्लेदारांचा मुकादम. मालगाडी वेळी-अवेळी यायची, माणसं हाताशी हवीत, म्हणून पल्लेदारांची काही कुटुंबं मोठ्या गोदामाच्या मागच्या अंगाला राहत आली होती. साहेबांना ते माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं. यार्ड बंद झाल्यावर बरेचजण मंडईत हमालीला गेले, पण रामसूरत आणि त्याच्यासारखे काही तिथेच राहिले. त्याची मुलं तिथे जन्मली होती. त्याची बायको गोदामाच्या ओट्यावर चूल मांडायची आणि मोकाशी तिच्या हातची निखाऱ्यावर भाजलेली लिट्टी खाऊन घरी येऊन पोळी टाकायचे. दोघं मित्र होते असं मी म्हटलं असतं, पण इतक्या वर्षांत रामसूरत त्यांच्यासमोर कधी खाली बसला नाही.

मग नदीकाठाच्या नव्या योजनेची बातमी आली. उंच इमारती, बागा, काठाने फिरायचा रस्ता. पहिल्या आराखड्यात गोदामाच्या जागी पार्किंग होतं. ते बघून मोकाशींनी अन्न सोडायचंच बाकी ठेवलं. एका कचेरीतून दुसरीत, या बैठकीतून त्या बैठकीत, डोक्याला टोपी आणि हातात पाण्याची बाटली. त्या जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस नेहमीप्रमाणे पानिपताला गेली. काला अंब या लढाईच्या स्मारकात स्तंभापुढे फुलं वाहून झाली आणि सगळे डबे सोडायला बसले, तरी मोकाशी तिथेच उभे. मला म्हणाले, "बघ, आंब्याचं झाड होतं म्हणतात. झाड गेलं आणि खांब आला. आपण खांबाला नमस्कार करतो. माझ्या गोदीचा मला खांब नकोय."

मी म्हटलं, "मोकाशी, अठराशे पोती गहू आणि पानिपत एका मापाने मोजू नका." ते रागावले. परतीच्या प्रवासात सोनीपतपर्यंत बोलले नाहीत.

पण हट्टाला फळ आलं. जुन्या वास्तू तपासणारी एक समिती गोदाम पाहायला येणार असं ठरलं. इमारत शाबूत असेल, जागेच्या ताब्याचा काही गुंता नसेल, तर ती राखायची आणि बाकीचं नवं तिच्याभोवती उभारायचं. मोकाशी मिठाई वाटायच्या बेतात होते. त्यांनी ऐकलं ते दोनच शब्द, शाबूत आणि गुंता.

ज्याने सरकारी नोकरी केली नाही त्याला पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे इन्स्पेक्शन हा एक संस्कार आहे. मोठे साहेब येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो, मोडकी खुर्ची कपाटामागे जाते, भटकं कुत्रं हाकललं जातं आणि ज्याचा गणवेश फाटलाय त्याला त्या दिवशी सुट्टी मिळते. इन्स्पेक्शन साहेबाला काही दिसावं म्हणून नसतं, काही दिसू नये म्हणून असतं. मी इथल्या मंत्रालयातल्या नोकरीत हेच केलं, मोकाशींनी रेल्वेत हेच केलं, आणि त्यात काही खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो, तसंच ते.

तेव्हा मोकाशींनी रामसूरतला बोलावून सांगितलं, "दो दिन के लिए सबको रिश्तेदारों के यहाँ भेज दो. कमिटी आ रही है. कुछ दिखना नहीं चाहिए."

रामसूरतने एकही प्रश्न विचारला नाही. तोही त्याच शाळेतला. चुली फोडल्या, दोऱ्या सोडल्या, खाटा, ट्रंका, शेळ्या, सगळं हातगाड्यांवर घालून बायकामुलं निघून गेली. मग या दोघा म्हाताऱ्यांनी कमानींवरची काजळी घासून काढली आणि ओट्याच्या कडेला चुन्याची पट्टी ओढली. मी गंमत बघायला गेलो होतो. मोकाशींच्या कोपरापर्यंत चुना आणि चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

समितीत मृणाल नावाची एक तरुण आर्किटेक्ट होती, पुण्याची. मोकाशींचं हिंदी ऐकून तिने लगेच ओळखलं. "काका, तुम्ही मराठी?" झालं, मग काय विचारता. मोकाशींनी तिला वीट न् वीट दाखवली. तीही जीव लावून पाहत होती, फोटो काढत होती, एका कमानीवरून तिने हातसुद्धा फिरवला. रामसूरत इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी चौकीदारासारखा ताठ उभा. मागच्या ओट्यापाशी आल्यावर मृणाल थांबली.

"काका, इथे कुणी राहतं का?"

"छे छे," मोकाशी म्हणाले. "कोण राहणार इथे? रिकामं आहे सगळं."

"नक्की ना? कधीच कुणी राहत नव्हतं?"

"अगं, माझी हयात गेली इथे. मला माहीत नसेल?"

हे सगळं मराठीत झालं. रामसूरतला त्यातलं अक्षर कळलं नाही. साहेब हसताहेत, मॅडम हसताहेत, म्हणजे काम फत्ते, असं समजून तोही हसला.

गोदाम वाचलं. त्या दिवशी मोकाशी जिन्यात मला मिठी मारून रडले. कुटुंबं हातगाड्या घेऊन परत आली, चुली पुन्हा मांडल्या गेल्या, आणि काही महिने सगळं आनंदात गेलं.

मग कुंपण घालायला माणसं आली आणि ओटा रिकामा करायला सांगू लागली. मोकाशी आधी चिडले, मग धावत मृणालकडे गेले. सोबत मीही होतो. ते हुकूम सोडल्यासारखे म्हणाले, "त्या लोकांना कुठे पाठवताय? ते तिथलेच आहेत. यार्डाइतकेच जुने."

मृणालचा चेहरा उतरला.

"काका, जे लोक तिथे राहतात त्यांना त्याच जागेवर घरं द्यायची, हे योजनेत होतं. मी स्वतः भांडून घालून घेतलं होतं. नुसत्या भिंती राखून काय करायचं, असं म्हणाले होते मी. त्यासाठीच तर मी तुम्हाला विचारलं होतं."

"पण मला वाटलं, माणसं दिसली तर गुंता आहे म्हणाल आणि पाडून टाकाल."

"मी दोनदा विचारलं, काका."

तिने मग खूप प्रयत्न केले, हे मी तिच्या वतीने सांगतो. पण वरच्यांनी तिचेच फोटो तिच्यापुढे ठेवले. स्वच्छ ओटा, चुन्याची कोरी पट्टी, आणि मध्ये हसणारे मोकाशी. जिथे चुलीचा डागसुद्धा नाही तिथे माणसं राहत होती, असं कोण कबूल करणार? मोकाशी म्हणाले, मी खोटं बोललो होतो, लिहून देतो. त्यावर तिच्या साहेबाने अगदी सभ्यपणे विचारलं, "तो फिर अब सच बोल रहे हैं, यह कैसे मान लें?" मोकाशींनी पेनाला टोपण लावलं.

आता ते गोदाम फार सुंदर दिसतं. मी पाहून आलो. कमानींत दिवे आहेत, आत कॉफी मिळते, तरुण मुलंमुली भिंतीला टेकून फोटो काढतात. मोकाशींचा शाल देऊन सत्कार करायचा होता, ते गेले नाहीत. सकाळचं फिरणंही आता सोसायटीच्या आतल्या आत. मला त्यांची कीव येते, आणि दुसऱ्या क्षणी त्या "छे छे"ची आठवण होऊन डोकं फिरतं. एक शब्द, "हो", एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही "छे छे"च म्हटलं असतं, हे कळतं, आणि मग रागही धड पुरत नाही.

रामसूरत खोडा नावाच्या वस्तीतल्या एका गल्लीत भाड्याच्या खोलीत राहतो, असा पत्ता कुठूनसा लागला. मुलगा मानेसरला कारखान्यात लागला होता आणि तिकडेच राहायचा, इथे नवराबायको दोघंच. जावं की नाही, यात मोकाशींचे कितीतरी रविवार गेले. शेवटी कुमुदवहिनींनीच मला सांगितलं, "तुम्ही यांना घेऊन जा. माफी मागायचीय त्यांना, आणि एकट्याने ते जायचे नाहीत."

गाडी बाहेर लावून आम्ही गल्लीत शिरलो. वाटेत मोकाशी मनाशी वाक्यं जुळवत होते, ओठ हलताना दिसत होते. "रामसूरत, मैंने उस दिन..." एवढं ऐकू आलं.

खोलीचं दार उघडं होतं. रामसूरतची बायको उंबऱ्याशी पिठाचे गोळे करत बसली होती, शेगडी पेटलेली, दोरीवर ओले कपडे, आणि रामसूरत बनियनवर भिंतीला टेकून निवांत बसलेला. त्याला मी पहिल्यांदाच बसलेला पाहत होतो. त्याची नजर आमच्याकडे गेली आणि तो ताडकन उठला.

"अरे, साहब आए हैं! जल्दी, जल्दी हटाओ!"

बायकोने परात उचलून पदराखाली घेतली. त्याने शेगडी पायाने आत सरकवली, दोरीवरचे ओले कपडे ओढून कोपऱ्यात टाकले, खाटेवरची गोधडी गुंडाळून खाटेखाली ढकलली.

मोकाशी धावले म्हटलं तरी चालेल. या वयात ते असे धावतील असं मला वाटलं नव्हतं. "रहने दो, रामसूरत! कुछ मत हटाओ, सब रहने दो!" त्यांचा आवाज फाटला. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली.

"बस दो मिनट, साहब," रामसूरत शर्टात हात घालत हसून म्हणाला, आणि त्याने आदबीने दार लोटून घेतलं.

मोकाशी बंद दाराला दोन्ही हात टेकून उभे राहिले. आत झाडू फिरत होता.