चोपड्याच्या धक्क्यावरचं गाणं

बाबुसो गेल्याचं मला डिचोलीत एका लग्नाच्या हॉलमध्ये कळलं. दुपारच्या पंगती चालल्या होत्या आणि बँडवाले नेमकं त्याचंच गाणं वाजवत होते. फोनवरचं काही ऐकू येईना म्हणून उष्ट्या हाताने बाहेर आलो. त्याचा मुलगा सुहास एवढंच म्हणाला, "मास्तर, बाबा गेलो." आत पोरं बेभान नाचत होती... त्यांना जाऊन सांगावं तरी काय? मी तसाच घरी निघून आलो.

त्याला आता दीड महिना झाला. बाबुसो हरमलचा, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकाराचा मुलगा. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्याच घरात पुढच्या खोलीत राहायचो. शेजारच्या खोलीतला एक परदेशी पाहुणा मायदेशी जाताना आपली गिटार त्याला देऊन गेला. किनाऱ्यावर वाजणारं रॉक ऐकून ऐकून हा ती वाजवायला शिकला. ड्रमसेट कुठून आणणार? चुलतभाऊ घुमट, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, घेऊन बसायचा. हवा दमट असली की घुमटाचं कातडं सैल पडे, मग ते चुलीपुढे शेकून आणेपर्यंत तालीम बंद. मला तो सगळा धांगडधिंगा वाटायचा आणि मी तसं तोंडावर सांगायचो. तो नुसता हसायचा.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आगेमागेची गोष्ट. एका दुपारी त्याच्या वडिलांच्या छातीत कळ आली. म्हापशाच्या इस्पितळात न्यायचं तर चोपड्याला फेरीबोट गाठायला हवी. तेव्हा आमच्याकडे रीतच होती, आजारी माणूस न्यायचा असला की एकाने मोटारसायकलवरून पुढे जायचं आणि फेरी धरून ठेवायची. मी निघालो; मागून बाबुसो वडिलांना टॅक्सीतून आणणार होता. वाटेत डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायला थांबलो, त्यात थोडा वेळ गेला. धक्क्यावर पोचलो तर फेरीवर एक काळी-पिवळी टॅक्सी उभी, आणि मागच्या सीटवर कुणी म्हातारा चादर घेऊन आडवा पडलेला. मला वाटलं, मी थांबलो तेवढ्यात हे पुढे आले. मी घाईघाईने चढलो आणि फेरीच्या चालकाला म्हणालो, "आमचो पेशंट चडलो, सोड फेरी."

नदीच्या मध्यावर मी टॅक्सीत डोकावलो. हळर्णचे कुणी अनोळखी गृहस्थ प्रवासाने दमून झोपले होते.

फेरी पलीकडे लागून गाड्या उतरल्याशिवाय परत फिरणार नव्हती. परत आलो तेव्हा बाबुसो धक्क्याच्या उतारावर बसला होता, वडिलांचं डोकं मांडीवर. सगळं संपलं होतं. त्याने फेरीला खूप हाका मारल्या होत्या म्हणे, इंजिनाच्या आवाजात मला एकही ऐकू आली नाही. त्याने मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी थांबवायच्या आधीच फेरी सुटली होती, असं लोकांनी आपणहून धरलं आणि मी ते तसंच चालू दिलं.

दोनेक महिन्यांनी त्याने ते गाणं केलं. अलीकडच्या काठावरून कुणीतरी फेरीला हाका मारतोय, एवढंच त्यात आहे. हाका चढत जातात, गिटार आणि घुमट त्यांच्या मागे धावतात, आणि मध्येच सगळं थांबतं. चार ठोके काहीच नाही. पलीकडचं इंजिन सुरू झालं का, ते त्याला ऐकायचं आहे. मग पुन्हा हाका. त्या दिवसांत गाणं मराठी की कोकणी यावरून माणसं हमरीतुमरीवर यायची. हा म्हणायचा, "हाको मारपाक खंयची भास जाय?" हाक मारायला कुठली भाषा लागते, आणि पुढच्या जत्रेत तेच गायचा.

गाणं पेडण्यातून डिचोलीत गेलं, पार सिंधुदुर्गापर्यंत पोचलं. चोपड्याला पूल झाला, फेरी बंद पडली, गाणं राहिलं. ज्यांनी ती फेरी पाहिलीसुद्धा नाही ती पोरं त्या चार ठोक्यांना हात वर करून श्वास रोखतात आणि मग एकदम ओरडतात. लोकांना ते प्रेमाचं गाणं वाटतं. बाबुसोने कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. माझी तर नाहीच. माझ्या बदलीनंतरही दर चतुर्थीला मी त्याच्याकडे जायचो, तो माझ्यासाठी करंज्या राखून ठेवायचा, आम्ही जगभरच्या गप्पा मारायचो. दर वेळी ठरवून जायचो, आज बोलायचं. दर वेळी भित्र्यासारखा परत यायचो.

बाराव्याला हरमलला गेलो. माणसं पांगल्यावर सुहासला मागल्या दारी घेऊन बसलो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून सगळं सांगितलं. तुझा आजा माझ्यामुळे गेला असेल, हेही सांगितलं. तो रागावेल, निदान उठून जाईल, असं वाटलं होतं.

तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, बाबान म्हाका तें आदींच सांगलेलें. हांव ल्हान आसतनाच. फेरीच्या चालकान ताका तेन्नाच सांगलेलें."

मी विचारलं, मग तो मला कधी काही बोलला कसा नाही?

"तुमी केन्ना सांगतात, तेची बाबा वाट पळयतालो. दर चवथीक तुमी गेल्यार म्हणटालो, आयजूय सांगूंक ना."