एदमनं न वाचलेल्या चार ओळी

एदम वोकोरेवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. उगाच गोड कशाला बोलू? लाकडी जोडे कोरणारा माणूस, त्याला पुस्तकं कशाला हवीत? पण फेरीवाला आला की हा पठ्ठ्या पोटाला चिमटा काढून एखादं पुस्तक घ्यायचाच. जोडा कोरता कोरता मला विचारायचा, "पेरेतमाय, मालक जन्मतःच आपल्यापेक्षा वरचढ, हे कुणी ठरवलं?"

मी म्हणायचे, "तू तुझं काम बघ. गेल्या खेपेचा डावा जोडा मला अजून चावतोय."

असलं बोलणारा हाच माणूस तीन हिवाळे मालकांच्या गढीवर जाऊन बसला होता. मालकांनी शहरातून एक कारकून आणला होता, जुन्या कातडी कागदांतून विसरलेले हक्क उकरून काढायला. नकला करायला त्याच्या हाताखाली एदम. आणि तिसरा हिवाळा संपला न संपला तोच मालकांनी आमच्या गावकुरणाला कुंपण घातलं. म्हणे, जुन्या कागदांप्रमाणे कुरण गढीचं! आमच्या गायी रस्त्याकडेचं गवत हुंगत फिरायला लागल्या. मग गावानं एदमचं दारच सोडलं. जोडे शेजारच्या पोंत्रवीय गावाहून आणायला लागलो. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना.

सतराशे एकोणनव्वद सालच्या मार्चात राजाचा हुकूम आला, प्रत्येक गावानं आपली गाऱ्हाणी लिहून पाठवावीत. आता लिहिणार कोण? म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गढीचा कारभारी सभेचा अध्यक्ष, तो लिहून देणार होय! उरला एदम. रविवारी चर्चमध्ये सगळे जमले. नवरा गेल्यावर चूल माझ्या नावावर, कर मी भरते, म्हणून मीही बसले. मुद्दाम एदमच्या कोपराशीच बसले.

लोक एकेक सांगत होते. मिठावरचा कर. पेरलेलं बी टिपणारी गढीची कबुतरं. कुरण. एदम मान खाली घालून लिहीत होता. सगळं झाल्यावर त्यानं उभं राहून वाचून दाखवलं. मला अक्षर कळत नाही, पण डोळे आहेत ना! त्याचं बोट ओळीवरून सरकत होतं, आणि शेवटच्या चार ओळी राहिल्या असताना तो थांबला.

"हे खालचं काय?" मी विचारलं.

त्यानं समोर बसलेल्या कारभाऱ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. "ते... ते लिहायची रीत असते, पेरेतमाय."

"मग वाच की रीत!"

"त्यात काही नाही."

"काही नाही तर घाम कशाला फुटलाय रे तुला?" मी ओरडलेच. "बघा, बघा, गढीचं मीठ खाल्लेला माणूस!"

झालं. चर्चभर गलका. कागद मी त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पुरावा म्हणून घरी पिठाच्या पेटीत ठेवला. पोंत्रवीयनं वकिलाकडून कागद करून घेतला होता, त्याचीच नक्कल आमच्या नावानं पाठवायचं ठरलं. एदम घसा फोडून सांगत होता, "अहो, त्यात नदीवरच्या होड्यांचं गाऱ्हाणं आहे! आपल्याकडे साधा ओढा नाही!" कुणी ऐकेना. सगळ्यांनी त्या कागदावर सहीच्या जागी फुल्या मारल्या. मी तर जरा मोठीच मारली.

जुलैत सगळ्या मुलखाचं डोकं फिरलं. एका दुपारी आम्ही गढीवर गेलो. मालक आधीच पळाले होते. आम्ही कागदांच्या पेट्या अंगणात आणल्या आणि आग लावली. कागद जळले की हक्क जळले, असं सगळे म्हणत होते. तेवढ्यात एदम धावत आला आणि लोखंडी पट्ट्यांच्या एका पेटीवर आडवा पडला.

"ही नको! बाकी सगळं जाळा, ही नको! आपलं कुरण आहे हिच्यात!"

"मालकांचं म्हण!" मीच ओरडले. "ओढा त्याला!"

दोघांनी त्याला बाजूला फेकलं. पेटी आगीत गेली. त्यानं आगीत हात घातले, दोन्ही, कोपरापर्यंत. हातात आली ती नुसती राख.

पुढच्या वर्षी नवं कोर्ट बसलं. त्यांनी विचारलं, कुरण गावचं, हे कशावरून? कागद दाखवा. कागद कुठला आता! तेव्हा मला पिठाच्या पेटीतला तो आठवला. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय. नव्या, तरुण पाद्रीबाबांकडे घेऊन गेले. त्यांनी पहिल्यापासून वाचला. आम्ही बोललो होतो ते सगळं जसंच्या तसं. मग त्या चार ओळी.

"कुरण मालकांच्या आजोबांनी कायमचं गावाला लिहून दिलं आहे. ते दानपत्र मी स्वतः वाचलं आहे, लोखंडी पट्ट्यांच्या पेटीत आहे. जिवाच्या भीतीनं आजवर गप्प राहिलो. आता देवासमोर सांगतो. एदम वोकोरे."

पाद्रीबाबांनी कागद परत माझ्यासमोर धरला. तो तसाच मी कोर्टात नेला. कोर्टानं म्हटलं, हा एका जोडे कोरणाऱ्याचा शब्द झाला, दानपत्र आणा. कुरण गेलं ते गेलंच.

मी एदमकडे गेले. दारात उभी राहिले. तो बसून होता. हत्यार धरता येत नसल्यामुळे जोडे करणं बंदच झालं होतं. वाकडी झालेली बोटं मांडीवर होती.

"कारभारी समोर होता म्हणून वाचलं नाहीस, कळलं मला," मी म्हणाले. "पण नंतर? मार्चपासून जुलैपर्यंत? एखाद्या दिवशी हळूच मला सांगायचं होतंस की रे!"

"आलो होतो की, पेरेतमाय," तो म्हणाला. "तीनदा आलो होतो. तुम्ही आतून कडी लावून घेतलीत."

खरं होतं. तीनही वेळा मी दारामागेच उभी होते, त्याचे पाय परत वळेपर्यंत.