उत्तमभाऊजींचं अर्धं पुस्तक

आमच्या उत्तमभाऊजींनी जन्मभर एकच पुस्तक उराशी धरलं, आणि तेही अर्धंच वाचलं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तेव्हा मी हसायचं कारण नाही. पण ते पुस्तक अर्धं राहिलं त्यात माझा हात आहे, म्हणून मीच लिहिलेलं बरं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. साखरखेर्ड्यातून नागपूरला जाऊन एम.ए. करणारे आमच्या घरातले पहिलेच. विषय तत्त्वज्ञान. सुट्टीत आले की चुलीपाशी बसून विलायतेतल्या एका विद्वानाचं सांगत. नाव सांगितलं होतं, पण माझ्या जिभेवर ते काही बसलं नाही. त्या साहेबाला एकच घोर. माणूस बोलतो म्हणजे नेमकं काय करतो, आणि दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं तरी कसं.

"यासाठी नागपूरले जा लागते?" मी म्हणायची. "आपल्या घरात सून होऊन या, भाऊजी. सारं समजते."

कारण आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नसे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण मामंजी आणि मी, एक शब्द नाही. तरी काही अडलं नाही. मामंजी दोनदा खाकरले की पाणी, लांबवून खाकरले की चहा. अगदीच काही सांगायचं असलं तर मांजरीला सांगत, "मने, आज भाकर करपली वाटते." मी आतून बांगड्या वाजवायची. म्हणजे चुकलं.

लढाई लागली त्या हिवाळ्यात मामंजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, "हाव", म्हणजे हो. भाऊजी धावत आले. त्यांची शेवटची परीक्षा मार्चात होती. ती झाली की कॉलेजात शिकवायची जागा मिळेल असं प्रोफेसरांनी सांगून ठेवलेलं. आमचे हे मेहकरच्या कचेरीत कारकून, आठ दिवसांनी घरी यायचे. सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णा आत्याबाईंनी, चार माणसांसमोर मामंजींना विचारलं, "उत्तमनं आता घरीच राहावं, खरं ना?"

"हाव."

झालं. मामंजींचा शब्द त्या घरात कधी मोडला नव्हता. भाऊजींची ट्रंक माळ्यावर गेली.

मग त्यांचं जग त्या बाजेएवढं झालं. भरवायचं, कूस बदलायची, अंग पुसायचं. परसातल्या कडुनिंबापर्यंत गेले तरी आतून "हाव! हाव!" सुरू. त्या विलायती साहेबाचं पुस्तक मांडीवर असायचं, पण पान तेच. एकदा मी पाहिलं, त्या पानावर हळदीचा डाग पडला होता, आठ दिवसांनीही तेच डागाचं पान वर.

फेब्रुवारीत मला राहवलं नाही. चुलीपाशी म्हटलं, "भाऊजी, एवढे शिकले तुमी. मामंजीले उलटं इचारून पाहा ना. जाऊ का, म्हना."

"पहिल्याच दिवशी इचारलं, वहिनी. बाबा, तुमचं नाव कडूबा काय, असं खोटंबी इचारलं. त्यालेबी हाव म्हने."

मला हसू आलं. त्यांनाही. मग मी म्हटलं, "मंग आत्याबाईले काऊन सांगत नाही?"

त्यांनी ओसरीकडं बोट केलं. सासूबाई मामंजींपाशी बसून बोलत होत्या. माहेरचं, विहिरीचं, शेजारणीचं. मामंजी "हाव" म्हणत होते. त्या अधूनमधून आम्हाला सांगत, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा माह्या बोलण्याले हाव म्हनून राह्यले."

"हे कसं तोडू?" भाऊजी म्हणाले.

तेव्हा मी त्यांना खाकरण्याचं सांगितलं. वाचा गेली तरी खाकरणं राहिलंच होतं. मामंजींना पाणी हवं, पाय दुखतो, अंथरूण ओलं झालं, मला आतूनच कळायचं. ऐकून भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं. "वहिनी, तो साहेब तुमाले भेटाले पाह्यजे होता!" मी म्हटलं, "भाकर टाकू त्याच्यासाठी?" पण माझ्याही मनात आलं, मीच मामंजींचं बघेन, भाऊजी सुटतील.

मार्चात एका सकाळी त्यांनी गावातल्या अब्दुल गनीची बैलांची दमणी बोलावली. मेहकरपर्यंत ती, पुढं मोटार, मग रेल्वे. ट्रंक ओट्यावर आली. सासूबाई वाटेत आडव्या आल्या. "त्याईचा शब्द मोडून जातं काय?"

भाऊजी बाजेपाशी वाकले. "बाबा, मी जाऊ?"

"हाव."

"अन् राहू?"

"हाव."

सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या. दोन महिन्यांचं सगळं बोलणं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. मग मामंजी खाकरले. एकदाच, अर्धवट, आतल्या आत. भाऊजींनी वहीतलं सगळं आठवून पाहिलं. हे त्यात नव्हतं. त्यांनी दाराकडं पाहिलं. दाराआड मी उभी होते.

"वहिनी, सांगा. बाबा काय म्हनतेत?"

मला माहीत होतं. माझं पहिलं मूल गेलं त्या दिवशी मामंजी असेच खाकरले होते आणि भीतीनं दिवसभर माझ्या दारासमोरून हलले नव्हते. आता खोटं बोलले असते तर कुणाला कळणार होतं? बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. अकरा वर्षांत मामंजींसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"जाऊ नको म्हनतेत. भेव वाटते त्याईले."

मामंजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. भाऊजींनी ट्रंक उचलून आत नेली. अब्दुल गनी थोडा वेळ थांबला, मग रिकामी दमणी घेऊन गेला.

त्या दिवसानंतर मामंजी कधी खाकरले नाहीत. सुनेनं चारचौघांत मन उघडं केलं, याची लाज असेल. सहा वर्षं नुसतं "हाव". आता काय हवं ते मलाही कळेना, आणि भाऊजी बाजेला आणखीच जखडले. मामंजी गेले तोवर भाऊजींच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. मग गावच्या शाळेत मास्तर झाले. पुस्तक फळीवरच राहिलं.

मी त्यांना पुष्कळ वर्षांनी एकदा विचारलं. ते ओसरीवर पोरांच्या वह्या तपासत बसले होते. "भाऊजी, त्या दिवशी मी खोटं बोलले असते तं बरं झालं असतं काय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हाव," म्हणाले, अगदी मामंजींच्या सुरात, आणि पुढची वही ओढली.