डाय बदलण्याची वेळ

बेचाळिसाव्या वर्षी मला पीएच.डी.चं वेड लागलं. वेडच म्हणायचं, कारण इंजिनिअरिंग मॅनेजमेंट या विषयात नोकरी सांभाळून डॉक्टरेट करता येते हे पेपरात वाचल्यापासून मी घरात धड बसत नव्हतो. बायको म्हणाली, आता शेजाऱ्यांना ताप आला की ते आपलंच दार वाजवणार. मी हसलो आणि त्याच संध्याकाळी पापडी गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची फाइल आणली.

कामणच्या रस्त्यावर पत्र्याचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना होता. मी तिथे प्रॉडक्शन मॅनेजर. वीज पुरावी म्हणून भागाभागातल्या कारखान्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिलेले, त्यात आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. एरवी या सुट्टीच्या नावाने मी बोटं मोडायचो, कारण त्या दिवशी बायको नोकरीवर, मुलगी शाळेत आणि लग्नं-बारशी सगळी रविवारी. आता मात्र तीच पथ्यावर पडली. ही डॉक्टरेट देणाऱ्या संस्थेतले प्राध्यापक शुक्रवारी जागेवर भेटत. त्यांतल्या एका बाईंनी मार्गदर्शन करायचं कबूल केलं. अट एकच, निवड समितीपुढे संशोधनाचा आराखडा मांडायचा. तो पटला तर प्रवेश, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, असं त्या म्हणाल्या. पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? मला हे याच वर्षी हवं होतं.

विषय रोज डोळ्यांसमोरच होता. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवरचा एक साचा, ज्याला आम्ही डाय म्हणतो, काढून दुसरा बसवेपर्यंत मशीन बंद राहतं. हा वेळ कमी कसा करायचा, यावर माझा आराखडा. महिनाभर मी स्टॉपवॉच घेऊन प्रेसपाशी उभा राहिलो. आकडे इतके सुंदर आले, दर वेळी वीस मिनिटांच्या आसपास, की आलेख काढताना मी चक्क शीळ घालायचो.

मुलाखतीला चार दिवस उरले असताना मी ते आलेख प्रेसच्या मिस्त्रींना मोठ्या कौतुकाने दाखवले. मिस्त्री जवळच्याच भातशेतीच्या गावचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"तुम्ही घड्याळ घेऊन येनार म्हटलं की आम्ही पाने, बोल्ट, नवी डाय, सगळं आधीच मशीनपाशी आनून ठेवायचो," ते म्हणाले. "आपला साहेब डॉक्टर होनार, त्याचे आकडे खराब कशाला?"

आणि एरवी, मी विचारलं. एरवी मशीन थांबल्यावर पाने शोधायला सुरुवात होते, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं.

मी केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. आधी त्यांच्यावर चिडलो, मग स्वतःवर. सोळा वर्षं त्याच शेडमध्ये काढली आणि आपली माणसं आपली खातिरदारी करताहेत एवढंही मला कळू नये? महिनाभराची मेहनत पाण्यात गेली होती. चहा आला तोही गार झाला.

तो गार चहा पिताना एकदम डोक्यात प्रकाश पडला. या माणसांनी निव्वळ मायेपोटी, कोणी न शिकवता आणि एकही नवं यंत्र न आणता, वेळ कमी करून दाखवला होता. मी जे शोधायला निघालो होतो ते माझ्या समोरच चाललं होतं. मी आराखड्याची पहिली चार पानं फाडली आणि नव्याने लिहायला बसलो. इतका आनंद झाला होता की अक्षर नीट येत नव्हतं.

समितीत तिघे होते. मी सगळं खरं सांगितलं, माझेच आकडे का धरू नयेत तेही. त्यांतल्या सर्वांत वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "मग तुम्ही समोर नसताना डाय बदलायला नेमका किती वेळ लागतो?"

"माहीत नाही, सर," मी म्हणालो. "मी नसताना काय होतं, हे सोळा वर्षांत मी कोणाला विचारलंच नाही. त्यासाठीच प्रवेश हवाय."

त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला आणि तिथेच सही केली. मी आभार मानायचंही विसरलो.