खुळखुळणारी बाटली

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला मी एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला जातो, तेव्हा एक मावशी हमखास भेटतात. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही आणि मीही त्यांचं नाही. तिथल्या बाकांवर तसा रिवाजच आहे.

मावशी शिरवळकडच्या. आवाज असा, की उपदेश शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. "सिरियल बुडली तर बुडू द्या, गोळी बुडवायची न्हाई!" नवा माणूस रडायला लागला, की त्या आधी त्याच्या ओंजळीत भडंग ओततात आणि मग दटावतात, "मी कवापास्नं खाती ह्या गोळ्या. मेली का?"

परवा परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मागच्या सीटवर आमच्या गावचे रिटायर्ड तलाठी होते, लेकीकडे निघालेले. गाडी आदळली, की माझ्या पिशवीतली गोळ्यांची बाटली खुळखुळायची. तलाठी पुढे वाकले.

"काय रं, गोळ्या वाजत्यात जणू. कशाच्या?"

मी पिशवी पोटाशी धरली. मावशींनी पिशवी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"माजी हाय पिशवी. बायकांच्या दुखण्याचं औषध हाय. समदं इस्कटून सांगू का?"

अख्खी गाडी वळून बघायला लागली. तलाठी जे खिडकीबाहेर बघत बसले, ते भुईंजला उतरेपर्यंत.

ते उतरल्यावर मावशींनी पिशवी परत दिली.

"बाटलीत कापूस कोंबावा, दादा. एवढं शिकलासा, ह्ये कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

त्यांच्या पिशवीतही तसलीच बाटली होती. इतके महिने शेजारी बसूनही मला तिचा आवाज कधी आला नव्हता.